अपडाऊनची गाडी आणि घरमालकाचं मीटर

परभणीत पेट्रोल राज्यातल्या बहुतेक शहरांपेक्षा महाग मिळतं, हे आता कुणाला नवं नाही. टँकर मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून निघतो, तीनशेहून अधिक किलोमीटर चालून इथे पोचतो, आणि त्या वाहतुकीचा खर्च लिटरमागे आपल्याच खिशातून जातो. म्हणून इथे इलेक्ट्रिक स्कूटरचा विषय निघाला की बोलणं पेट्रोलच्या दरावर सुरू होतं आणि "एका चार्जिंगमध्ये किती पळते?" इथे येऊन थांबतं. पुढे मांडलेल्या प्रकरणात हे दोन्ही प्रश्न चहा संपायच्या आत सुटले. बाकी सगळा वेळ एका प्लगपायी गेला.

प्रकरण एका जिल्हा परिषद शिक्षिकेचं आहे. मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवतो, म्हणून हिशेबालाही त्यांनी मलाच बसवलं आणि बोर्ड उघडायलाही. नावं, गावं आणि कंपन्या मुद्दाम गाळल्या आहेत.

मॅडमचं घर वसमत रोडला, काळ्या कमानीच्या पुढच्या एका कॉलनीत, वरच्या मजल्यावर भाड्यानं. शाळा त्याच रस्त्यानं पुढे जाऊन एका फाट्यावरून आत. एकूण 11 किलोमीटर. त्यातला शेवटचा अडीच किलोमीटरचा तुकडा काळ्या रानातून जाणारा. नोकरदारानं मुख्यालयी राहावं असा नियम आहे आणि मराठवाड्यातलं निम्मं अपडाऊन त्याच नियमाला वळसा घालून चालतं, पण तो विषय वेगळा. पती मोंढ्यात एका आडतीवर मुनीम, त्यांची मोटरसायकल वेगळी. मॅडमची जुनी पेट्रोल स्कूटर दहा वर्षांची, इंजिनचं काम निघालेलं, आणि मेकॅनिकनं नऊ-दहा हजारांचा आकडा सांगितलेला. दसरा-दिवाळीचे दिवस होते, साल 2024.

सगळ्यात स्वस्त पर्याय खरं तर एसटी. 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. 11 किलोमीटरला त्या भावात कुठलीच स्वतःची गाडी चालणार नाही, इलेक्ट्रिकसुद्धा नाही. पण बस फाट्यावर सोडते. तिथून अडीच किलोमीटर पायी, आणि संध्याकाळी परतीची बस कधी येईल ते चालकालाही सांगता येत नाही. लहान लेकरू घरी असलेल्या बाईला हे रोज जमत नाही. एसटी एवढ्यावरच बाद झाली.

हिशेब

शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 आणि सहावी ते आठवीसाठी 220 शाळेचे दिवस धरलेत. शाळा आठवीपर्यंतची, म्हणून 220 धरले. रोजचे 22 किलोमीटर म्हणजे 4,840. त्यात बाजार, दवाखाना, मुलाची शिकवणी असे वर्षाला दीडेक हजार मिळवले. ढोबळ 6,300 किलोमीटर.

पेट्रोल स्कूटर लिटरला 45 देते असं मानलं, जुनी गाडी तेवढंही देत नव्हती, तर 140 लिटर लागतात. 106 रुपयांनी सुमारे 14,800 रुपये. इलेक्ट्रिक स्कूटर आपल्या रस्त्यांवर, एकटं माणूस आणि पंचेचाळीसच्या आसपास वेग धरला, तर किलोमीटरला 30 वॅट-तासांच्या आसपास खाते. चार्जरमध्ये थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून भिंतीतून 35 वॅट-तास धरावे. हजार वॅट-तास म्हणजे एक किलोवॅट-तास, तेच बिलातलं एक युनिट. वर्षाचे झाले 220 युनिट, महिन्याचे अठरा-एकोणीस.

आता दर. इथे लोक हमखास चुकीचा आकडा धरतात. महावितरणच्या 2024-25 च्या घरगुती दरपत्रकात पहिल्या 100 युनिटांना वहन आकारासह 5 रुपये 88 पैसे आणि 101 ते 300 च्या टप्प्याला 11 रुपये 46 पैसे होते; वर 16 टक्के वीजशुल्क. स्कूटरचे युनिट हे घरच्या वापरावर चढलेले शेवटचे युनिट असतात. पंखा, फ्रिज, कूलरनं शंभरी आधीच ओलांडलेली असेल, तर त्या दरपत्रकानं स्कूटरचं प्रत्येक युनिट सव्वातेरा रुपयांच्या पुढेच पडत होतं. जाहिरातीत "पंचवीस पैशात एक किलोमीटर" दिसतं ते पहिल्या टप्प्याच्या दरानं. मॅडमच्या बाबतीत किलोमीटरला 47 पैसे निघाले. पेट्रोलला 2 रुपये 36 पैसे. तरीही फरक भरपूरच: वर्षाला 2,900 विरुद्ध 14,800. ऑइल आणि स्पार्क प्लगचा खर्चही वाचतो. टायर आणि ब्रेक शू मात्र इलेक्ट्रिकलाही तसेच झिजतात.

वर्षाला बारा-तेरा हजारांची बचत ऐकली की माणूस थेट शोरूम गाठतो. पण ती बचत कशाच्या तुलनेत, हे आधी ठरवावं लागतं. नवी पेट्रोल आणि नवी इलेक्ट्रिक यांच्या किमतीतला फरक पंचवीस-तीस हजारांचा असेल, तर तो अडीच वर्षांत फिटतो. जुनी स्कूटर धडधाकट असती, तर मी त्यांना सरळ सांगितलं असतं की मॅडम, हीच चालवा. ती विकून पंचवीस हजार आले असते आणि नव्या गाडीला वरून ऐंशी-पंच्याऐंशी हजार घालावे लागले असते. ते फिटायला सहा-सात वर्षं, म्हणजे बॅटरीचं निम्म्याहून अधिक आयुष्य. इंजिनचं काम निघालं होतं म्हणूनच हा सौदा विचार करण्यासारखा ठरला.

बॅटरी किती मोठी घ्यावी यावर घरात वाद झाला. मुनीमसाहेबांचं म्हणणं, "घ्यायचीच तं मोठी घ्या, नांदेडला जाता आलं पायजे." नांदेड सत्तर किलोमीटर, आणि मॅडम तिकडे नेहमी रेल्वेनं जातात. शाळेच्या फेरीला रोज 660 वॅट-तास लागतात, 2.2 किलोवॅट-तासाची लहान बॅटरीसुद्धा त्यानं एक तृतीयांशही संपत नाही. बाजारात चेतक, आयक्यूब, रिझ्टा अशा गाड्यांत दोनपासून पाच किलोवॅट-तासांच्याही पुढच्या बॅटऱ्या मिळतात आणि प्रत्येक वाढीव किलोवॅट-तासाला काही हजार मोजावे लागतात. रोज 22 किलोमीटर चालणाऱ्यानं ते मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत. लहान बॅटरी घेतली. 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेल्या केंद्र सरकारच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत किलोवॅट-तासाला 5,000 रुपये, पण गाडीला जास्तीत जास्त 10,000 रुपये अनुदान होतं, ते किमतीतूनच वजा झालं. महाराष्ट्रात ई-दुचाकीला मोटार वाहन कर माफ आहे. हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत एमएच 22 लागलं.

मध्ये एका दुकानदारानं स्वस्तातली, "लायसन नको, पासिंग नको" वाली गाडी पुढे केली होती. अडीचशे वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी 25 किलोमीटरच्या आत वेग असेल तरच ती सूट मिळते. वसमत रोडवर उसाच्या ट्रॉल्या आणि ट्रॅव्हल्सच्या मधून पंचविशीनं जायचं म्हणजे रोज कुणाच्या तरी हॉर्नखाली जगायचं. शिवाय तिच्यात शिशाची बॅटरी, ती दीड वर्षात बसते. तो विषय तिथेच मिटला.

प्लग

गाडी घरी आली त्या रात्री मॅडमनी वरच्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेंशनची वायर खाली सोडली. पाच अँपिअरची, आधी मिक्सरला वापरायची तीच. चार्जर तासभर चालला, मग दिवा लाल झाला. बोर्डाचं प्लास्टिक हाताला चटका देत होतं.

खरं तर स्कूटरचा चार्जर काही फार वीज ओढत नाही. साडेसहाशे-सातशे वॅट, म्हणजे तीन अँपिअर; गीझर याच्या तिप्पट ओढतो. पण गीझर दहा मिनिटं चालतो आणि हा सलग तीन-चार तास. ढिल्या सॉकेटमधला, पिळून जोडलेल्या वायरीतला दोष तेवढ्या वेळात तापून वर येतो.

लाल दिव्याचं कारण मात्र दुसरंच निघालं. घराच्या बोर्डात तिसरं भोक होतं, त्यामागे हिरवी वायरही होती, पण ती बोर्डामागेच वाकवून ठेवलेली. जमिनीत काही गेलेलंच नव्हतं. फेज आणि अर्थिंगमध्ये दिवा लावून पाहिला, तो पेटलाच नाही. परभणीत पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बांधलेल्या घरांत हे सर्रास दिसतं. फ्रिज, टीव्ही अर्थिंगशिवाय चालतात, म्हणून कुणाला कळत नाही. स्कूटरचा चार्जर अर्थिंग तपासतो आणि नसेल तर थांबतो. लोक म्हणतात चार्जर खराब आहे. काही जण न्यूट्रल आणि अर्थिंगची भोकं आतून जोडून चार्जरला फसवतात. न्यूट्रल कुठे तुटला तर गाडीच्या अख्ख्या लोखंडी सांगाड्यात करंट उतरतो. हे कुणी सुचवलं तर त्या वायरमनला दारातूनच परत पाठवावं.

आता घरमालक. काका साठीच्या पुढचे, निवृत्त, स्वभावानं चांगले. पण त्यांच्या तीन हरकती होत्या आणि तिन्ही समजून घेण्यासारख्या.

पहिली आगीची. "मॅडम, गाडी लावा, जागा आपलीच हाय. पण रातीला पेटलं-बिटलं तं?" 2022 च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ त्यांच्या मोबाइलवर अजून होते. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचं एआयएस-156 हे मानक कडक झालं आणि डिसेंबर 2022 व मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झालं, हे मी त्यांना सांगितलं. त्यानं ते निम्मेच पटले. पण त्यांच्या भीतीत एक खरा मुद्दा होता. मॅडम गाडी लावत होत्या जिन्याखाली, आणि वरच्या मजल्यावरून खाली यायला तो एकच जिना. काही झालंच, तर बाहेर पडायची वाट तिथेच बंद. गाडी जिन्याखालून काढून अंगणाच्या कडेला, उघड्या पत्र्याखाली आणली तेव्हा काकांचा चेहरा जरा सैल झाला. बॅटरी काढून वर नेता येते अशा गाड्याही मिळतात, पण दहा-बारा किलोचं ओझं रोज जिना चढवून झोपायच्या खोलीत चार्जिंगला लावायचं, हे मला त्याहून वाईट वाटतं.

दुसरी हरकत बिलाची. घराला मीटर एकच, भाडेकरूकडून महिन्याला ठरीव रक्कम. "शंभरच्या वर गेलं की समदं बिल डबल होतं," असं काका म्हणायचे. तसं होत नाही. पहिले शंभर युनिट स्वस्त दरानंच आकारले जातात, वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. पण त्यांचं मीटर दीडशे-पावणेदोनशेवर असायचं, म्हणजे स्कूटरचा अख्खा वापर वरच्या दरात, हे त्यांना बरोबर कळलं होतं. उपाय साधा होता: स्कूटरच्या सॉकेटआधी वेगळं सब-मीटर. त्याचं रीडिंग पहिल्या तारखेला घ्यायचं आणि युनिटाला 13 रुपये 30 पैशांनी द्यायचे. मॅडमना हा दर जड वाटला. पण सरासरी दरानं पैसे दिले असते, तर उरलेला भार काकांच्या बिलावर बसला असता, आणि असल्या गोष्टी भाडेकरू-मालकांत सहा महिन्यांनी कुठल्यातरी भलत्याच भांडणातून बाहेर येतात. पहिल्या महिन्यात अडीचशेच्या आत रक्कम झाली आणि विषय संपला.

तिसरी हरकत त्यांनी उघड बोलून दाखवली नाही: भिंत फोडायची, खड्डा खोदायचा, आणि उद्या भाडेकरू निघून गेला तर? यावर एका कागदावर चार ओळी लिहिल्या. अर्थिंगचा खड्डा आणि त्याची वायर काकांच्या खर्चानं, कारण ते घराचं, फ्रिजलाही उपयोगी. सॉकेट, 16 अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि सब-मीटर मॅडमच्या खर्चानं. घर सोडताना मीटर आणि आरसीसीबी काढून नेता येईल. सगळं मिळून सात-आठ हजारांत आलं. स्कूटरच्या कोटेशनमध्ये हा खर्च कुणी दाखवत नाही. भाड्यानं राहणाऱ्यानं तो गाडीच्या किमतीतच धरावा.

अर्थिंगचं आणखी एक. काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरते तेव्हा अर्थिंग उत्तम मिळतं. मार्चनंतर तीच जमीन आकसते, भेगाळते, पाइपाभोवतीची माती सुटते आणि मीठ-कोळसा घातलेला खड्डासुद्धा कोरडा पडतो. एप्रिलमध्ये चार्जर पुन्हा लाल झाला तो यामुळेच. खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी घालावं लागतं, आणि नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात ते कुणाच्या जिवावर येतं. काकांनीच युक्ती काढली: स्वयंपाकघरातल्या आरओचं वाया जाणारं पाणी पाइपानं त्या खड्ड्यात सोडलं.

ऊन, चिखल आणि सर्व्हिस

मार्चपासून शाळा सकाळच्या सत्रात भरते. सोयीचं वाटतं, पण गाडीच्या दृष्टीनं उलटं आहे. सकाळी गारव्यात जायचं आणि परतायचं ते भर बारा-एकला, पारा बेचाळिशीच्या पुढे असताना. शाळेत गाडी पत्र्याखाली उभी. पत्र्याची झळ उन्हापेक्षा वाईट. दुसऱ्या दिवसापासून मॅडम ती लिंबाच्या झाडाखाली लावू लागल्या. घरी आल्यावर लगेच चार्जिंगला लावायचं नाही हे ठरवलं, कारण तापलेल्या बॅटरीत चार्जिंग ढकललं की तिचं आयुष्य घटतं. गाडीची यंत्रणा अशा वेळी स्वतःच चार्जिंग मंद करते. रात्री दहानंतर लावायची, तेही एक दिवसाआड. मध्यरात्री लाइट गेली तरी फरक पडत नाही, कारण निम्म्या बॅटरीतही शाळेला जाऊन येता येतं. कमी अंतराच्या अपडाऊनचा हा खरा फायदा: चार्जिंग हुकलं तरी दिवस हुकत नाही. घरच्या इन्व्हर्टरवर मात्र स्कूटर लावू नये. त्याची बॅटरी जेमतेम पावणेदोन युनिटांची, ती स्कूटरला पाजली तर रात्री पंखा बंद.

मेच्या सुट्टीत मॅडम माहेरी, अंबाजोगाईला जातात. निघताना बॅटरी पूर्ण भरून ठेवायचा त्यांचा विचार होता, जसं कुणीही टाकी भरून ठेवील. लिथियम बॅटरीला उष्णता आणि पूर्ण भरलेली अवस्था दोन्ही एकत्र सोसत नाहीत. पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवली. गाडीत दिवे आणि कुलुपासाठी बारा व्होल्टची एक छोटी बॅटरी असते, ती उभ्या उभ्या उतरते. म्हणून काकांनी आठवड्यातून एकदा गाडी चालू करायची. तोवर ते स्वतः बाजारापर्यंत एक फेरीही मारून यायला लागले होते, आणि त्या फेरीचे पैसे कुणी कुणाला मागितले नाहीत.

पावसाळ्याचं थोडक्यात. बॅटरी-मोटरवर आयपी67 लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एक मीटर स्थिर पाण्यात अर्धा तास. वाहत्या ओढ्यात गाडी घालायचा तो परवाना नाही. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली तेव्हा फाट्याच्या आतला नळकांडी पूल पाण्याखाली गेला. ते दिवस शाळाच बंद होती. एरवी त्रास चिखलाचा. काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये भरली की चाक फिरत नाही, आणि मोटर चाकातच असल्यानं ती तापते. काठीनं काढायची, वॉशिंग सेंटरच्या जोराच्या फवाऱ्याखाली मोटर धरायची नाही.

सर्व्हिस ही खरी कमजोर बाजू. दुचाकी बनवायला बजाज 1985 पासून वाळूजला आहे, एथरनं 2024 मध्ये बिडकीनला कारखाना जाहीर केला, म्हणजे गाड्या मराठवाड्यातच बनतात आणि बनतील. पण मॅडमच्या गाडीचा चार्जर बंद पडला तेव्हा तो बदलायला आठवडा गेला. परभणीतल्या विक्रेत्याकडे भाग नव्हता, गाडी नांदेडला आणा म्हणाले. एका चार्जिंगमध्ये तिथे पोचणं जमण्यासारखं नाही आणि चार्जरच बंद, म्हणजे परतीचा प्रश्नच नव्हता. छोटा हत्ती टेम्पो करा असा सल्ला मिळाला. शेवटी फक्त चार्जर रेल्वेनं नेऊन बदलून आणला. तेवढे दिवस पतीच्या मोटरसायकलवर निघाले. घरात दुसरी गाडी नसती तर रजा टाकाव्या लागल्या असत्या. घेण्याआधी विक्रेत्याला रेंज विचारण्यापेक्षा "चार्जर आणि कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारा भाग) इथे शिल्लक असतो का?" हे विचारावं, आणि त्याच गाडीच्या जुन्या गिऱ्हाइकाला गाठावं.

बदली

एक गोष्ट आम्ही कोणत्याच हिशेबात धरली नव्हती, आणि ती धरता येण्यासारखीही नव्हती. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या जिल्हांतर्गत बदल्या ऑनलाइन होतात, पसंतीक्रम भरून. मॅडम बदलीला पात्र होण्याच्या यादीत येत आहेत. आताच्या शाळेच्या 11 किलोमीटरवर उभा असलेला हा सगळा हिशेब जिंतूरच्या बाजूच्या एखाद्या गावी पंचेचाळीस किलोमीटरवर गेला, तर तिथेच आडवा होतो.

पुन्हा कागद काढला. 2.2 किलोवॅट-तासाला सत्तरेक किलोमीटर निघतात, पण उन्हाळा, समोरचा वारा आणि दोन-तीन वर्षांत घटणारी बॅटरी धरली तर रोज पन्नासच्या पुढे भरवसा ठेवू नये. म्हणजे शाळा पंचवीस किलोमीटरच्या आत असली तर गाडी आहे तशी चालते, फक्त चार्जिंग रोज. त्यापुढे शाळेत चार्जिंग करावं लागेल. ते मॅडमना पटत नाही. शाळेचं लाइटबिल ग्रामपंचायतीकडून वेळेवर भरलं जात नाही, त्यात आपली गाडी कुठं लावायची, असं त्यांचं म्हणणं. मलाही ते योग्य वाटतं.

पसंतीक्रमात त्यांनी पंचवीसच्या आतली गावं वर टाकायचं ठरवलंय. लांबचं गाव आलंच, तर स्कूटर मुनीमसाहेबांकडे मोंढ्याला जाईल आणि मॅडम मोटरसायकल शिकतील. काकांनी सब-मीटर आत्ताच काढू नका म्हणून सांगितलंय. घर सोडलं तर ते विकत घ्यायची त्यांची तयारी आहे.